शेवटची गोळी घेतल्यानंतर

"ताई, पोरानं गोळ्या सोडल्यात. आज नववा दिवस. अजून अंगात असतील का हो?"

साताऱ्यातल्या एका औषधांच्या दुकानात मी पंचवीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. कोणी त्यांना 'डोक्याच्या गोळ्या' म्हणतं, कोणी 'टेन्शनच्या', कोणी नाव न घेता फक्त पट्टी पुढे सरकवतं. आवाज मात्र सगळ्यांचाच खाली आलेला असतो. उत्तर दिवसांत हवं असतं: चार, आठ, पंधरा. काहींना ती गोळी एकदाची अंगातून गेलेली हवी असते, तर काहींना ती अजून थोडी शिल्लक आहे एवढा धीर हवा असतो. ही आई दुसऱ्या प्रकारची होती.

मी गोळीचं नाव विचारलं. एस्सिटॅलोप्रॅम, १० मिलिग्रॅम, दीड वर्ष रोज एक. मुलगा चार दिवसांपासून चिडचिडा झाला होता, झोपत नव्हता, आणि डोळे वळवले की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं म्हणत होता. मी म्हटलं, "रक्तातून ती बहुतेक निघून गेलीय. पण मेंदू अजून तिच्याशिवाय राहायला शिकतोय. आजच्या आज डॉक्टरांना फोन करा." औषध शरीरातून जायला लागणारा काळ वेगळा आणि त्या औषधाशिवाय सावरायला शरीराला लागणारा काळ वेगळा. या दोन्हींची गल्लत झाली की माणसं स्वतःच्या हाताने स्वतःचे हाल करून घेतात, आणि ते मी फार जवळून पाहिलं आहे.

गैरसमज: 'गोळी थांबवली की दुसऱ्या दिवशी अंग मोकळं.'

रक्तातलं औषध निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला औषधशास्त्रात अर्धायुष्य म्हणतात. एस्सिटॅलोप्रॅमचं अर्धायुष्य साधारण २७ ते ३२ तासांचं. सोयीसाठी ३० तास धरू आणि जुन्या रुपयाचा हिशेब लावू. सोमवारी सकाळी आठला शेवटची गोळी घेतली, तेव्हा रक्तात सोळा आणे औषध आहे. मंगळवारी दुपारी दोन वाजता आठ आणे उरतात. बुधवारी रात्री आठला चार आणे, शुक्रवारी पहाटे दोनला दोन आणे, शनिवारी सकाळी आठला एक आणा, आणि रविवारी दुपारी दोन वाजता अर्धा आणा, म्हणजे शेकडा तीनच्या आसपास. पाच अर्धायुष्यं उलटली की औषध गेलं असं धरण्याची रीत आहे ती या अर्ध्या आण्यामुळे. एका दिवसात नाही आणि महिन्यातही नाही, तर सहा-सात दिवसांत.

हा हिशेब तरुण, निरोगी माणसाचा. वय झालेल्यांमध्ये याच गोळीचं अर्धायुष्य सुमारे दीडपट होतं, म्हणून त्यांना मात्रा बेतानेच देतात. यकृताचा आजार असेल तरी मुक्काम लांबतो. शिवाय ही गोळी मोडण्याच्या कामात सीवायपी-२सी१९ नावाचं एक एन्झाइम मोठा वाटा उचलतं आणि काहींच्या जनुकांतच त्याची मंद आवृत्ती असते. अशी माणसं युरोपपेक्षा आपल्या दक्षिण आशियात जास्त सापडतात. एकाच घरातल्या दोन भावांना सारखी मात्रा सारखी लागू पडत नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

गैरसमज: 'डिप्रेशनच्या गोळ्या सगळ्या सारख्याच, आठवड्यात जातात.'

व्हेनलाफॅक्सिन घ्या. तिचं अर्धायुष्य जेमतेम ५ तास, आणि शरीरात तिच्यापासून बनणाऱ्या, तितक्याच कामाच्या दुसऱ्या रेणूचं ११ तास. दोन-अडीच दिवसांत दोन्ही संपतात. सकाळची गोळी राहिली तर काहींना संध्याकाळपासूनच गरगरायला लागतं. ड्युलोक्सेटिनचं १२ तास, पॅरोक्सेटिनचं सुमारे २१, सर्ट्रालिनचं २६, मिर्टाझापिनचं २० ते ४०, व्होर्टिओक्सेटिनचं ६६. पॅरोक्सेटिनची आणखी एक खोड आहे. ज्या एन्झाइमने ती मोडायची त्याचंच काम ती अडवून धरते. त्यामुळे रक्तातलं तिचं प्रमाण कमी होत गेलं की अडथळाही सुटतो आणि उरलेली गोळी जास्तच वेगाने निघून जाते. पॅरोक्सेटिन एकदम थांबवल्यावर इतका त्रास का होतो, हे यावरून कळायला मदत होते.

फ्लुओक्सेटिनचं गणित याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात मंजुरी मिळालेली आणि 'प्रोझॅक' या नावाने जगभर गेलेली ही गोळी. बरेच दिवस घेतल्यावर तिचं अर्धायुष्य ४ ते ६ दिवसांचं होतं. ती मोडून तयार होणारं नॉरफ्लुओक्सेटिनही काम करतच असतं आणि त्याचं अर्धायुष्य ४ ते १६ दिवसांचं आहे. म्हणून फ्लुओक्सेटिन थांबवल्यावर काही ठरावीक औषधं सुरू करायची तर पाच आठवडे थांबा असं सांगितलं जातं. याच चिवटपणाच्या आधारावर २००१ मध्ये अमेरिकेत आठवड्यातून एकदाच घ्यायची ९० मिलिग्रॅमची कॅप्सूलही आली होती.

हा फरक आपल्या घरांतही जाणवतो. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही घ्यायचं नाही म्हणून सकाळची गोळी चुकवणारे मला दर महिन्याला भेटतात. फ्लुओक्सेटिनवाल्याला त्या दिवशी काहीच कळत नाही. व्हेनलाफॅक्सिनवाली बाई चंद्र उगवेपर्यंत घामाघूम झालेली असते आणि घरचे म्हणतात, उपवास सोसत नाही हिला. पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतल्याने उपवास मोडतो असं मी मानत नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी गोळीची वेळ आधीच डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी, पण चुकवू नये.

गैरसमज: 'वर्षभर घेतली, म्हणजे वर्षभराची अंगात साठलीय.'

बुडाला भोक असलेल्या बादलीत रोज एक तांब्या पाणी ओतलं तर सुरुवातीला पातळी चढते. पाणी वाढतं तसा भोकावरचा दाब वाढतो आणि गळतीही वाढते. काही दिवसांनी ओतलेलं आणि गळलेलं सारखं होतं. त्यानंतर वर्षभर ओतलं तरी पातळी तिथेच राहते. एस्सिटॅलोप्रॅमची पातळी आठवड्याभरात स्थिरावते, आणि तेव्हा रक्तातलं प्रमाण पहिल्या गोळीनंतरच्या प्रमाणाच्या २.२ ते २.५ पट असतं. दहा वर्षांनंतरही ते तेवढंच. फ्लुओक्सेटिनला या पातळीपर्यंत यायला चार-पाच आठवडे लागतात.

गैरसमज: 'ताक, सब्जा, भरपूर पाणी आणि घाम यांनी गोळी धुऊन निघते.'

गोळ्या 'उष्ण पडतात' ही आपली जुनी भाषा आहे आणि मी तिला हसत नाही. तोंड कोरडं पडणं, घाम येणं, पोटात आग होणं हे त्रास काहींना खरोखरच होतात, आणि ताकाने तोंडाला बरं वाटतं. पण ताकाने औषध बाहेर जात नाही. रक्तातलं सर्ट्रालिन शेकडा ९८ इतकं प्रथिनांना चिकटलेलं असतं, फ्लुओक्सेटिन शेकडा ९४-९५. शिवाय बराचसा भाग रक्तातून निघून शरीराच्या ऊतींमध्ये पसरलेला असतो. यकृताने रेणू मोडून पाण्यात विरघळण्याजोगा केला, की मग मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. पाणी प्यायल्याने यकृताचा वेग वाढत नाही. घामातून जाणारा वाटा मोजण्यासारखाही नसतो.

वेग खरोखर बदलणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ड्युलोक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी राहतं, कारण धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम वाढतं. आणि म्हणून सिगारेट सोडल्यावर तेच प्रमाण वाढूही शकतं.

गैरसमज: 'रक्तातून गेली, म्हणजे विषय संपला.'

या गैरसमजाला छेद देणारी गोष्ट थेट या औषधांच्या जन्मातच आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध दिलं जात होतं. अंथरुणाला खिळलेली माणसं त्या औषधावर हसू-बोलू लागली आणि त्यांचे नाचतानाचे फोटो वर्तमानपत्रांत आले. पुढे १९५७ च्या सुमारास मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते नैराश्यासाठी वापरलं. हे औषध आणि त्याच्या मागून आलेली फेनेल्झिनसारखी औषधं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमला कायमची जखडून टाकतात. गोळी काही तासांत रक्तातून नाहीशी होते, पण जखडलेलं एन्झाइम काही परत सुटत नाही. शरीराला नवं घडवावं लागतं आणि त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे औषध आज गेलं तरी त्याचा परिणाम पंधरवडाभर राहतो. फेनेल्झिन सोडल्यावर नेहमीची नैराश्याची गोळी सुरू करण्याआधी १४ दिवस थांबायचं ते याचसाठी.

आजच्या गोळ्या असं जखडत नाहीत. त्यांतल्या बहुतेक चेतापेशींवरच्या सेरोटोनिन परत ओढून घेणाऱ्या वाहकांवर जाऊन बसतात आणि कालांतराने उठतात. पण वाहक महिनोन्महिने अडलेले राहिले की मेंदू आपली बाकीची जुळणी त्याप्रमाणे बदलतो. पहिल्या गोळीनंतर काही तासांतच औषध मेंदूत पोचतं, तरी बरं वाटायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामागे ही संथ जुळणी असावी असं मानलं जातं. गोळी थांबल्यावर तीच जुळणी उलट दिशेने व्हायची असते आणि तिला आठवड्याचा हिशेब लागू होत नाही.

गैरसमज: 'सोडल्यावर त्रास झाला, म्हणजे व्यसन लागलं' किंवा 'म्हणजे आजार परत आला.'

इथे मला जरा सावकाश बोलायचं आहे, कारण सर्वांत जास्त रडू याच ठिकाणी पाहिलं आहे.

व्यसनात माणसाला त्या वस्तूची ओढ लागते, मात्रा वाढवावीशी वाटते, ती मिळवण्यासाठी धडपड होते. नैराश्याच्या गोळीत यातलं काही नसतं. पण शरीराला तिची सवय होते, आणि सवय मोडताना त्रास होऊ शकतो. गरगरणं, मळमळ, फ्लूसारखी कणकण, भडक स्वप्नं, चिडचिड, आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. वर्षानुवर्षं 'थोडंफार होतं, दोन आठवड्यांत जातं' एवढंच सांगितलं गेलं. ते सांगणं अपुरं होतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सने २०१९ मध्ये आपली भूमिका बदलली आणि काहींना हा त्रास तीव्र होतो, लांबतो, हे मान्य केलं. दुसरीकडे, प्रत्येकाला तो होतो असंही नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आलेल्या, अनेक अभ्यास एकत्र करणाऱ्या विश्लेषणात गोळी सोडणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, आणि नुसती साखरेची गोळी सोडणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांनाही झाला. तीव्र त्रास सुमारे ३ टक्क्यांना. त्या तिघांना 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' म्हणणं जितकं वाईट, तितकंच उरलेल्या सत्त्याण्णवांना घाबरवून सोडणंही वाईट.

मग आजार परतला की सोडण्याचा त्रास आहे, हे ओळखायचं कसं? सोडण्याचा त्रास सहसा गोळी थांबल्यावर दोन-चार दिवसांत सुरू होतो. झटके, गरगरणं असं शरीराचं काहीतरी नवं सोबत आणतो, आणि गोळी परत सुरू केली की लवकर ओसरतो. नैराश्य परततं ते बहुधा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि आपल्या जुन्याच रूपात. फ्लुओक्सेटिनमध्ये मात्र ही खूण फसवते, कारण औषधच इतकं हळू जातं की त्रास सुरू व्हायलाही आठवडे लागू शकतात. म्हणून हा निवाडा घरी बसून करू नये.

परतण्याची भीती खोटी नाही. ब्रिटनमध्ये ४७८ जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अँटलर' चाचणीत सगळेजण दीर्घकाळ गोळी घेणारे आणि आता बरं वाटतंय म्हणून थांबण्याचा विचार करणारे होते. ज्यांनी गोळी चालू ठेवली त्यांच्यापैकी ३९ टक्के लोकांचं नैराश्य वर्षभरात उलटलं, आणि ज्यांनी हळूहळू थांबवली त्यांच्यापैकी ५६ टक्क्यांचं. मी हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचते. थांबवण्यात जोखीम आहे, आणि थांबवूनही शंभरातले ४४ जण वर्षभर ठीक राहिले.

हळूहळू म्हणजे किती हळू? टोरोंटोच्या संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन २००४ मध्ये दाखवलं की अशा पाच औषधांची नेहमीची किमान मात्रा वाहकांपैकी सुमारे ८० टक्के अडवते. संशोधक मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये यातून सोडण्याचं गणित मांडलं. एस्सिटॅलोप्रॅमच्याच कुळातल्या सिटॅलोप्रॅमचे २० मिलिग्रॅम सुमारे ८० टक्के वाहक अडवतात, आणि ९ मिलिग्रॅमही ७० टक्के अडवतात. ५० टक्क्यांसाठी साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास पुरतात, ३० टक्क्यांसाठी दीड. म्हणजे वीसवरून दहावर आलेल्या माणसाला वाटतं अर्धं काम झालं, पण मेंदूच्या दृष्टीने तो अजून उतरलेलाच नसतो. खरा कडा शेवटच्या पाच मिलिग्रॅममध्ये आहे, आणि नेमका तिथूनच आपण 'आता काय, अर्धीच गोळी तर राहिली' म्हणून उडी मारतो. शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान असाव्या लागतात, काही वेळा त्यासाठी थेंबांचं औषध वापरावं लागतं. आणि एक दिवसाआड गोळी घेऊन सोडण्याची जी पद्धत सर्रास चालते, ती फ्लुओक्सेटिन सोडून बाकीच्या गोळ्यांत रक्तातली पातळी रोज वर-खाली हिंदकळवते.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात, आणि अनेकांना आपण दोन औषधं घेतोय हे माहीतच नसतं. क्लोनाझेपाम हे शांत करणारं, सवय लावणारं वेगळं औषध आहे. त्याचं अर्धायुष्य ३० ते ४० तासांचं. बरेच महिने घेऊन ते अचानक थांबवलं तर झटके, अगदी फिट्ससुद्धा येऊ शकतात. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर आम्हाला वाचून दाखवायला सांगा. आणि सोडण्याच्या काळात जगणं नकोसं वाटायला लागलं, तर डॉक्टरांच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

गैरसमज: 'नोकरीच्या मेडिकलमध्ये गोळी पकडली जाईल.'

नोकरीसाठी होणारी नेहमीची अमली पदार्थांची लघवी-चाचणी नैराश्याच्या गोळ्या शोधतच नाही. बुप्रोपिऑन या नैराश्याच्याच गोळीमुळे क्वचित अँफेटॅमिनचा आणि सर्ट्रालिनमुळे बेन्झोडायझेपिनचा खोटा होकार येतो, पण पुढची नेमकी चाचणी तो निस्तरते. क्लोनाझेपाम मात्र स्वतःच बेन्झोडायझेपिन गटातलं आहे, म्हणून ती जोडगोळी घेणाऱ्याने चिठ्ठी जवळ ठेवावी. भरतीच्या आठवडाभर आधी घाबरून गोळी सोडणाऱ्या मुलांना मी हेच सांगते.

गैरसमज: 'कधीच बंद केलीय, दुसऱ्या डॉक्टरांना कशाला सांगायचं?'

फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन सीवायपी-२डी६ हे एन्झाइम अडवतात. स्तनाच्या कर्करोगात दिलं जाणारं टॅमॉक्सिफेन याच एन्झाइममुळे आपल्या कामाच्या रूपात बदलतं. फ्लुओक्सेटिन महिन्याभरापूर्वी सोडलं असलं तरी हा अडथळा थोडाफार शिल्लक असू शकतो. दुखण्यावरचं ट्रामाडॉल नैराश्याच्या बहुतेक गोळ्यांसोबत सेरोटोनिन धोकादायक पातळीला नेऊ शकतं.

पण मला सर्वांत जास्त काळजी क्षयाच्या रुग्णांची वाटते. नैराश्याची गोळी जन्मली ती क्षयाच्या वॉर्डात, आणि आज या दोन आजारांच्या औषधांच्या फायली एकमेकींना भेटत नाहीत. क्षयाची औषधं सरकारी केंद्रातून, नैराश्याची खाजगी डॉक्टरांकडून. क्षयावरचं रिफॅम्पिसिन यकृताची एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे नैराश्याच्या काही गोळ्या नेहमीपेक्षा लवकर निघून जातात आणि बरं वाटत असलेला माणूस परत खचतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात लिनेझोलिड देतात. इप्रोनियाझिडने जे एन्झाइम जखडलं, तेच लिनेझोलिडही अडवतं, मात्र सौम्यपणे आणि तात्पुरतं. नैराश्याच्या गोळीचा अंश रक्तात असताना ते सुरू झालं तर ताप, थरथर, गोंधळ, स्नायू ताठरणं असा जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो. दोन्ही द्यावी लागली तर डॉक्टर लक्ष ठेवून देतातही, पण त्यासाठी त्यांना माहीत असावं लागतं. बहुतेक गोळ्यांसाठी मागचे दोन आठवडे महत्त्वाचे, फ्लुओक्सेटिनसाठी पाच.

म्हणून लिनेझोलिडची चिठ्ठी काउंटरवर आली की मी आधी एकच विचारते: गेल्या दीड महिन्यात झोपेची, टेन्शनची, डोक्याची कुठली गोळी चालू होती का? बहुतेक जण आधी 'नाही' म्हणतात. मग मी थांबते. मागे उभं असलेलं कोणी जरा दूर गेलं की पर्समधून, पाकिटातून, कधी मोबाइलच्या कव्हरमागून एक अर्धी पट्टी बाहेर येते, आणि मी तिचं नाव आणि शेवटच्या गोळीची तारीख त्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवते.